विशेष बाबी : निरंक

शाळेच्या कचेरीतल्या मुख्य लेखनिक बाईंना पोरं पाठीमागे 'भट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून तापत आल्या होत्या. उसनं नेलेलं पेन टोपणाशिवाय परत करणाऱ्यावर तापायच्या, अर्जावर चहाचा डाग पाडणाऱ्यावर तापायच्या, आणि दहा वाजता उघडायची खिडकी दहा वाजून दोन मिनिटांनी उघडली गेली तर स्वतःवरसुद्धा. पण त्यांचा हा ताप पोरांच्या विरुद्ध कधी नसायचा, पोरांच्या बाजूनं असायचा. म्हणून थंडीत लोक शेकोटीभोवती जमतात तशी पोरं मधल्या सुट्टीत त्यांच्या खिडकीपाशी जमायची.

त्या बुधवारी कचेरीच्या खिडकीची फुटकी काच बदलायला काचवाला आला होता. त्याची मुलगी याच शाळेतून जूनमध्ये कॉलेजात गेलेली. एरवी हा माणूस काम करताना सतत बोलायचा, आज मात्र मुकाट्यानं चौकटीला काच घट्ट बसवायची लांबी थापत होता. काम आटोपलं, हात पुसले, आणि मग खाली बघत म्हणाला,

"बाई, पोरीच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळेल का?"

"कशाला? पहिली कॉलेजात दिलीय ना?"

"तिथून नाव कमी करतायत. शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी पक्की होणार. दुसरीकडे कुठे शिवणकामाला वगैरे घेतात का बघतो."

"नाव कमी? का म्हणून?"

"जातच नाही ती कॉलेजात. शंभरात एकतीस हजेरी. रोज डबा घेऊन निघते हो घरातून. जाते कुठे, कोणास ठाऊक." त्यानं हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "परवा हात उगारला मी तिच्यावर. जन्मात पहिल्यांदा."

"मारलंस?"

"नाही. उगारला फक्त. पण तिनं बघितला ना."

बाईंनी हातातली वही मिटली. ही मुलगी सहा वर्षं शाळेत होती आणि सहा वर्षांत तिची गैरहजेरी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नव्हती. एकदा अंगात ताप असताना आली, तेव्हा बाईंनीच दटावून घरी पाठवली होती. अशी मुलगी कॉलेज चुकवून भटकेल?

"प्रत देत नाही," बाई म्हणाल्या. "दुकान उघडं आहे ना तुझं? ती आहे तिथे? चल."

या मुलीला सगळे 'पेन्सिल' म्हणत. अंगानं तशीच, आणि डाव्या कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली. लहानपणीच्या आजारात तो कान पार गेला होता आणि उजवा निम्मा उरला होता. "डाव्या कानाचा तेवढाच उपयोग," असं ती स्वतःच सांगून हसायची. शाळेत तिची जागा ठरलेली होती. डाव्या भिंतीलगतच्या ओळीत दुसरा बाक. बहिरा कान भिंतीकडे, चांगला कान वर्गाकडे. दर जूनमध्ये नवा वर्ग लागला की बाई स्वतः जाऊन त्या बाकावर खडूनं फुली मारून यायच्या. शिक्षकांना सांगितलेलं असायचं, फळ्याशी बोलू नका, पोरांशी बोला. हे सगळं तोंडी चालायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुकानात पेन्सिल काचेवर माप आखत होती. बाई सवयीनं वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेल्या.

"जातेस कुठे गं डबा घेऊन?"

"कॉलेजात," ती म्हणाली. मान वर केली नाही. "रोज जाते. बाबांना सांगितलं. त्यांना कॉलेजचा कागद खरा वाटतो."

काचवाला दारातच थांबला.

"मग हजेरी का नाही?"

"एकशेवीस जणांचा वर्ग आहे, बाई. नंबराप्रमाणे बसायचं. माझा सत्त्याऐंशी. उजव्या भिंतीला, अगदी मागे. म्हणजे चांगला कान भिंतीला आणि बहिरा सरांना. माझी ती भिंत पहिल्या वर्गात पास होईल बघा."

बाई हसल्या नाहीत.

"हजेरी सर फळ्यावर तारीख लिहिता लिहिता घेतात. तोंड तिकडे. माझ्यापुढे शहाऐंशी नंबरची मुलगी बसायची. तिचा हात वर गेला की मी लगेच 'हजर' म्हणायचे. नाटकात कसं, समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं सुरू, तसं. दोन आठवडे झकास चाललं. मग तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. बाक रिकामा."

"पंच्याऐंशीवरून ओळखायचं."

"तो आठवड्यातून दोनदा उगवतो. मग मी अंदाजानं म्हणत राहिले. एकदा त्र्याण्णवला 'हजर' म्हणाले. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, मैत्रिणीची हजेरी लावतेस काय? पुन्हा केलंस तर वर्गाबाहेर. त्या दिवसापासून गप्प बसते."

"आणि तोंड उघडून सांगता आलं नाही? की बाबांनो, मला ऐकू येत नाही?"

पेन्सिलीनं आता वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"कशाला सांगू? निरोपाच्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, तुमची सगळी माहिती आमच्याकडून कॉलेजात जाते, काळजी करू नका. मला वाटलं, त्यांना माहीत आहे. माहीत असून असं करतायत."

दारातला काचवाला खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी हात उगारला हो हिच्यावर," आणि तिथल्याच स्टुलावर बसला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रात्रभर विझली नाही. सकाळी त्यांनी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कपाटातून एक जाडजूड फाइल काढली आणि कॉलेज गाठलं.

फाइल होती शाळा आणि कॉलेज यांच्या समन्वय समितीची. शाळेतून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना अवघड जाऊ नये म्हणून ही समिती सात वर्षांपूर्वी स्थापन झाली. वर्षातून दोन बैठका, एक फलक, एक समूहछायाचित्र. बैठकांचा वृत्तांत बाईच लिहायच्या.

कॉलेजच्या उपप्राचार्य सडपातळ, शांत बाई होत्या. भट्टीबाईंना बसा म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत.

"बसायला आले नाहीये मी, मॅडम. विचारायला आलेय. सात वर्षं तुम्ही आणि आम्ही एका टेबलाला बसतो, बिस्किटं खातो. प्रत्येक मुलामागे चार पानांचा अर्ज आम्ही भरून पाठवतो. त्याचं करता काय तुम्ही? पुड्या बांधायला देता? एक मुलगी तीन महिने तुमच्या वर्गात रोज बसते, आणि तुम्ही तिला गैरहजर मांडता! अर्धा कान आहे तिला, अर्धा! तो तुम्ही भिंतीला लावून ठेवलात. आमच्याकडे सहा वर्षं होती, एक दिवस तिला कमी पडू दिलं नाही. तुम्हाला तीन महिने सांभाळता आली नाही. आणि वर नाव कमी करताय! बापानं हात उगारला तिच्यावर, तुमच्या कागदावर विश्वास ठेवून!"

बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं थबकली. शिपायानं दार लोटून घेतलं, त्याचा काही उपयोग नव्हता. आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता.

उपप्राचार्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांनी मुलीचा नंबर विचारला आणि शिपायाला तिचा अर्ज आणायला सांगितलं. अर्ज आला. त्यांनी तिसरं पान उघडलं आणि कागद टेबलावर फिरवून बाईंसमोर ठेवला.

तिथे एक चौकट होती. वर छापलेलं होतं, 'विशेष बाबी : आजार, अपंगत्व, लागणारी मदत'. चौकटीत एकच शब्द होता. निरंक. म्हणजे नोंद करण्यासारखं काहीही नाही. अक्षर सुबक, गोल, थोडं उजवीकडे झुकलेलं. बाईंचं.

"खालची सही तुमची आहे ना?" उपप्राचार्यांनी विचारलं.

बाई आता बसल्या.

त्यांना सही बघायची गरज नव्हती. गेली चौदा वर्षं त्या चौकटीत त्यांनी प्रत्येक मुलापुढे हाच शब्द लिहिला होता. हात इतका बसला होता, की काल दुकानातून निघाल्यापासून आत्तापर्यंत, इतकं तापून, इतकं ओरडून, त्यांना तो एकदाही आठवला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी मात्र त्या खरं लिहीत. तेव्हा धुणंभांडी करणाऱ्या एका बाईचा मुलगा होता, हुशार, पण त्याला फिट यायची. बाईंनी चौकटीत मायेनं चार ओळी लिहिल्या. फिट आली तर कुशीवर वळवा, घाबरू नका, दहा मिनिटांत तो ठीक होतो. अर्ज परत आला. जागा भरल्या म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्याच शाळेतली, त्याच्याहून कमी गुणांची दोन मुलं त्याच कॉलेजात घेतली गेली. त्या दिवशी बाईंनी कचेरीचं दार लावून घेतलं आणि ठरवलं, यापुढे माझ्या लेखणीतून एकाही मुलाचं दार बंद होणार नाही. शाळेत कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी तो चांगुलपणाच मानला.

हे सगळं त्यांनी उपप्राचार्यांना सांगितलं. आवाज उतरला होता, पण राग नव्हता उतरला.

"मी तेव्हा इथे नव्हते," उपप्राचार्य म्हणाल्या.

"तुमची खुर्ची होती."

"होती. कबूल." त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढून घेतला. "पण एक विचारू? आज आलात तशा तेव्हा का नाही आलात? त्या मुलासाठी असंच दार हलवलं असतंत, तर कदाचित या चौदा वर्षांत खरं लिहिता आलं असतं."

बाईंनी मांडीवरची जाडजूड फाइल खाली ठेवली.

"उद्या बारापर्यंत मला दोन गोष्टी लागतील," उपप्राचार्य म्हणाल्या. "शाळेनं ही माहिती मुद्दाम दिली नव्हती, असं लेखी. आणि ती खरंच वर्गात बसत होती याचा पुरावा. नुसत्या शब्दावर मला त्या यादीतून तिचं नाव काढता येणार नाही."

शाळेत परतल्यावर बाईंनी पत्र लिहायला घेतलं. मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, पाठीमागे येऊन उभे राहिले. माणूस सज्जन, पण सावलीला घाबरणारा.

"अहो, हे असं लिहून दिलंत तर उद्या विचारतील, बाकीच्या अर्जांचं काय? निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. कशाला ओढवून घेता? ऐनवेळी राहून गेलं, असं लिहा."

"राहून गेलं नाही, सर. मी लिहिलं नाही."

"बरं मग मी हे पत्र पाहिलंच नाही, असं समजा."

"सात वर्षं तुम्ही तेच करताय. वृत्तांतावर न वाचता सही. आणि त्यात मी लिहायचे, माहितीची देवाणघेवाण समाधानकारक." बाईंनी पत्राखाली सही केली. "तुम्हाला नाही बोलत, सर. स्वतःलाच बोलतेय. तुम्ही फक्त मध्ये उभे आहात."

संध्याकाळी घरी थोरली बहीण भाजी निवडत बसली होती. दोघी एकट्या, आयुष्यभर एकत्र. ताईला चेहरा बघून सगळं कळायचं.

"आज कोणावर ओरडून आलीस?"

"कॉलेजवर."

"आणि मग?"

"मग स्वतःवर."

"ऐकलं का त्या बाईनं काही?" ताईनं विचारलं. "कुणाचंच कधी ऐकत नाही ती. मी चाळीस वर्षं प्रयत्न करतेय."

बाईंना हसू आलं नाही. पण ताईनं पुढे सरकवलेली जुडी त्यांनी निवडायला घेतली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला उपप्राचार्यांच्या खोलीत बाई, काचवाला आणि पेन्सिल, तिघं उभे होते. पुरावा पेन्सिलीनं आणला होता. विज्ञानाच्या प्रयोगवह्या. प्रयोगशाळेत वीस जणांची तुकडी असते, तिथल्या मॅडम नंबर पुकारत नाहीत, चेहरे बघून हजेरी मांडतात. आणि प्रत्येक प्रयोगाखाली त्यांची तारखेसह सही असते. चौतीस प्रयोग, चौतीस सह्या.

उपप्राचार्यांनी वर्गाचं हजेरीपुस्तक मागवलं. मग प्रयोगशाळेचं मागवलं. एक राहायचं कचेरीत, दुसरं तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही पुस्तकं एका टेबलावर शेजारी शेजारी येण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या बोटानं तारखा जुळवत गेल्या.

"दहाला गैरहजर, अकराला हजर. दहाला गैरहजर, अकराला हजर." दहा-बारा पानांनंतर त्यांनी बोट काढलं. "हे दिसायला हवं होतं आम्हाला. कुणालाही दिसलं असतं."

"चष्मे असतात ना तुमच्याकडे?" काचवाला म्हणाला. आल्यापासून तेवढंच बोलला, आणि बोलून स्वतःच दचकला.

उपप्राचार्यांनी बाईंचं पत्र वाचलं, घडी न घालता अर्जाला टाचलं, आणि यादीतलं एक नाव खोडून सही केली. मग त्या बाईंकडे वळल्या. "तिला पहिल्या बाकावर घेऊ. सरांना मी सांगते. जमल्यास बोललेलं लिहून देणारी एखादी मैत्रीण…"

"पहिला बाक नको, डावीकडे दुसरा," बाई म्हणाल्या. "आणि मैत्रीण वगैरे तिला आवडायचं नाही. आम्ही शाळेत…"

"मी इथे आहे," पेन्सिल म्हणाली.

दोघींनी मान वळवली.

"इथेच उभी आहे. आणि इतक्या जवळून मला ऐकू येतं. एकीनं लिहिलं नाही, दुसरीनं बघितलं नाही, आणि आता दोघी मिळून मला कुठे बसवायचं ते ठरवताय. विचारा ना मला." ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही 'निरंक' लिहिलंत. माझ्या भल्यासाठीच लिहिलंत. पण माझ्यात लपवण्यासारखं काही आहे, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, लिहा. कान गेलाय, तोंड नाही गेलं. नसतं घेतलं कॉलेजनं तर मी भांडले असते."

काचवाला मुलीकडे पाहत राहिला. ही आपल्या घरातली, असं त्याला आज नव्यानं कळत असावं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"हो. चुकलं," पेन्सिल म्हणाली. तिनं ते गोड करून घेतलं नाही, आणि बाईंना ते रास्त वाटलं.

निघता निघता बाईंची नजर टेबलावरच्या यादीवर पडली. नाव कमी होणाऱ्यांची ती यादी अकरा जणांची होती. एक खोडलं, दहा उरले. वरून पाचवं नाव वाचताच त्या पुन्हा पेटल्या. तेही त्यांच्याच शाळेचं. ही मुलगी उजवा पाय ओढत चालायची. शाळेत असताना तिचा वर्ग दरवर्षी तळमजल्यावर ठेवला जायचा. अर्थात तोंडी.

"हिचा वर्ग कुठे भरतो?"

"तिसऱ्या मजल्यावर," उपप्राचार्य म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांच्या लक्षात आलं.

"पोचेपर्यंत हजेरी होऊन जाते तिची," पेन्सिल म्हणाली. "मला वाटलं, तिला उशिरा यायला आवडतं."

बाईंनी तोंड उघडलं. त्या मुलीबद्दल सगळं सांगायला शब्द ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आत्ता कुठे असेल ती?"

"अकराचा तास आहे. जिन्यातच असणार."

ती बाईंना आणि पेन्सिलीला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भेटली. कठडा धरून, दप्तर पायरीवर टेकवून दम खात होती. बाईंना बघून दचकली. बाई तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या, त्यांचाही श्वास लागला होता.

"तुझं नाव यादीत आहे. बारा वाजता पक्की होतेय ती. तुझ्या पायाचं मी कॉलेजला कळवलं नव्हतं. तुला न विचारता. आता विचारते, सांगू का?"

मुलीनं दप्तर खांद्यावर घेतलं. वर तास सुरू झाला होता, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"मीच सांगते," ती म्हणाली. "पण आता पुन्हा खाली उतरून परत चढायचं म्हणजे…"

"तू कशाला उतरतेस?" बाईंनी पेन्सिलीकडे पाहिलं, तिच्या उजव्या बाजूला सरकल्या. "जा गं, मॅडमना इथे घेऊन ये. म्हणावं यादी आणि पेन घेऊन या, जिन्यात बोलावलंय."

पेन्सिल दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. थोड्या वेळानं खालून मॅडमच्या चपलांचा आवाज येऊ लागला. पहिल्या मजल्यापर्यंत भरभर, मग हळूहळू. मग मध्येच थांबून, दम खाऊन, पुन्हा.